खांबानं दाजींना सोडलं

आमच्या रग्बीच्या संघात त्याला सगळे ‘खांब’ म्हणत. धंदा घरसामान हलवण्याचा. लोखंडी कपाट पाठीवर घेऊन चार मजले चढायचा, पण भिंतीला ओरखडा म्हणून नाही. तोंडातून शब्द काढायला मात्र महाकंजूष.

चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की लाइनआउट होतो. दोन्ही संघ शेजारी-शेजारी रांगा करतात, रेषेवरचा गडी मधल्या फटीत सरळ चेंडू फेकतो आणि तो झेलायला दोघं जण आपल्यातल्या एकाला उचलून हवेत धरतात. आमच्याकडून वर जायचे ते दाजी, खांबाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. भूगोलाचे मास्तर, अंगावर मांस नावाला नाही. "मेहुणा धरतोय तोवर मला कसली भीती!" असं वर जाता जाता ओरडायचे. ताई रेषेपलीकडे बसून कपाळाला हात लावायची.

त्या रविवारी फेक वाकडी गेली. वाकडी फेक म्हणजे शिट्टी आणि शिट्टी म्हणजे खेळ थांबला. शिट्टी वाजली आणि खांबानं हात सोडले. दाजी अजून वरच होते! मागून धरणारा एकटा काय करणार? दाजी मानेवर आदळले. अरे बैला, खेळ थांबला म्हणून हवेतला माणूस आपोआप खाली उतरतो का? दाजींचे पाय हलत नव्हते. ताई धावत आली आणि भावाकडे नुसती बघत राहिली.

"शिट्टी झाली होती," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाला.

दवाखान्यात संध्याकाळी पायाची बोटं हलली. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, पण मान वाचली होती. आमच्या जिवात जीव आला. ताई रडता रडता हसली. मग दाजींना स्ट्रेचरवरून पलंगावर घ्यायचं होतं. "दोघं जण इकडून चादर धरा," नर्स म्हणाली. उचलायचं म्हटल्यावर खांब सवयीनं पुढे झाला.

"तू नको!" दाजी किंचाळले. "याला लांब करा!"

मेहुण्याशी थट्टेशिवाय कधी न बोललेल्या माणसाचा तो आवाज होता. चादरीचं एक टोक ताईनं धरलं, दुसरं मी. खांब हात पुढे करून तसाच उभा होता. ते मागे कसे घ्यायचे, हेच त्याला कळत नव्हतं.