चहाचा उपास

ती दोन वर्षं मी लातूरला होते, पण खरं सांगायचं तर कुठंच नव्हते. जिल्हा नवा झाला होता, रोज एखादं कार्यालय उघडत होतं, आणि मला बढती देऊन तिकडं पाठवलं होतं. बढती घ्या नाहीतर पुन्हा तोंड उघडू नका, असा मामला. नवरा नांदेडला नोकरीत, चार वर्षांची लेक तिथंच सासूबाईंजवळ, आणि मी लातूरच्या एका गल्लीत भाड्याच्या खोलीत. शनिवारी ऑफिस सुटलं की अहमदपूर-लोह्यावरून जाणारी एसटी धरायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचं. मधला रविवार तेवढा माझा आणि लेकीचा. तो अख्खा दिवस मी झोपून काढत होते.

थकवा असा की वेणी घालायला हात वर केले तरी ते आपोआप खाली यायचे. फाईलीतली एकच ओळ तीन-तीनदा वाचायची. आणि गंमत म्हणजे लातूरला पाठ टेकली की झोप गायब. बदलीचा अर्ज कुणाच्या टेबलावर पडला असेल, लेकीचा खोकला गेला असेल का, अर्जात आडनाव तरी नीट लिहिलं होतं का, असं डोकं चालू राहायचं. या कुशीवरून त्या कुशीवर. मग उठून ट्रंक आवरायची, जी परवाच आवरलेली असायची. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाले आणि लाल टॉनिक दिलं. ते मी इमानेइतबारे प्याले. रिकाम्या बाटल्यांतून लेकीसाठी खोबरेल नेता आलं, एवढाच त्याचा फायदा.

पावसानं सलग दोन वर्षं पाठ फिरवली होती. गल्लीत टँकर यायचा, पण कधी येणार ते त्याचं त्यालाच ठाऊक. कधी पहाटे तीनला, कधी पाचला. बायका संध्याकाळीच घागरी रांगेत लावून ठेवायच्या आणि कान तिकडं लावून पडायच्या. मी तर दूर रस्त्यावर ट्रक गेला तरी उठून बसायचे. टँकर येऊन गेल्यावर झोपायची सोय नव्हती, कारण तोवर फटफटलेलं असायचं.

इथवरचं सगळं नोकरीवर आणि दुष्काळावर ढकलता येईल. पुढचं मात्र माझं मीच केलं. लातूरला रुजू झाले त्याच आठवड्यात मी महादेवाला बोलले की, नांदेडला बदली होईपर्यंत सोमवार करीन. दोन महिने गेले, बदली नाही. मग गुरुवार धरला. तरी काही हालेना, म्हणून मारुतीचा शनिवार. समोरच्याला ऐकू जात नाही असं वाटलं की आपण आवाज चढवतो, तसे मी उपास वाढवत गेले. शनिवारी उपाशीपोटी साडेचार-पाच तास एसटीत हादरे खायचे आणि रविवारी आडवं पडायचं. बदली मागत होते लेकीसाठी, आणि लेकीचा दिवस खात होते ते उपास. हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही.

उपासाला चहा चालतो. नव्या ऑफिसात तर चहाशिवाय पान हलत नव्हतं. सगळे ठिकठिकाणाहून आलेले, एकमेकांना अनोळखी. ओळख करून घ्यायची तर चहा सांगायचा. देवणीहून, निलंग्याहून कामाला आलेला माणूसही आधी "बाई, चहा घ्या" म्हणायचा, आणि नको म्हटलं की बाई शिष्ट ठरायची. दिवसाला आठ-नऊ कप सहज होत. संध्याकाळी साबुदाणा भिजवलेला असला तर खिचडी, नाहीतर शेंगदाणे आणि गूळ. उपास नसेल त्या दिवशी एकटीसाठी भाकऱ्या कोण थापत बसणार, म्हणून चहा आणि टोस्ट.

अशा एका रविवारी दुपारी मी नांदेडच्या घरात पडले होते. झोप अर्धवट. ओसरीवर लेक आणि शेजारची मुलगी भातुकली खेळत होत्या. मी आई होणार, असं लेकीनं जाहीर केलेलं ऐकलं. मला बरं वाटलं. मग बराच वेळ काहीच आवाज नाही, म्हणून मान वळवून पाहिलं. लेक चटईवर आडवी झाली होती, एक हात डोळ्यांवर, पाय पोटाशी. हुबेहूब मी. शेजारची तिला हलवून सांगत होती की भूक लागलीय, वाढ ना. लेकीनं डोळे न उघडताच सांगितलं, "शू. आई झोपलीय. आजीला माग."

सासूबाई तिथंच धान्य निवडत होत्या. त्यांनी ऐकलं आणि नजर सुपातच ठेवली. त्यांनी टोमणा मारला असता तर भांडून तरी मोकळी झाले असते. मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. ही पोर मला अशीच लक्षात ठेवणार होती. बदली होईल तेव्हा होईल, तोवर तिच्या लेखी आई म्हणजे चटईवर पडलेलं एक माणूस.

सोमवारी परत आले, दिवसभर चहावर काढला आणि संध्याकाळी घरमालकीणबाईंसमोर जाऊन बसले. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची. घरचं आडतीचं दुकान, घरी लिंगायतांची रीत. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय अक्का पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. म्हणजे महादेवाबाबत त्यांचा शब्द माझ्यापेक्षा वजनाचा. हुलगे निवडता निवडता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे उपास देवासाठी की बदलीसाठी? बदलीसाठीच, मी म्हटलं.

"मग महादेव काय साहेब हाय का? उपाशी राहून त्याला अर्ज करायलीस ते."

मी म्हटलं, अक्का, बोललेला नवस मध्येच सोडता येत नाही. ते त्यांनाही पटलं. त्यांनी चार खडे बाजूला काढले, पाचवा शोधला आणि म्हणाल्या, "सोडू नगं. बदलून घे. पोटाला अन्न घाल अन् तुला सोडायला लई जड जाईल ते सोड. चहा सोड."

चहा सोडला तर मरेन, असं मी खरंच म्हणाले. बघू मरतीस का, एवढंच त्या म्हणाल्या.

पहिले तीन दिवस मेले नाही इतकंच. कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकत होत्या, शिपायावर खेकसले, एका शिक्षकाचा कागद चुकीच्या फाईलीत लावला आणि पुन्हा शोधायला तासभर घालवला. पण एक नवल झालं. नको म्हटलं की लोक रुसायचे. चहाचा उपास आहे म्हटल्यावर तेच लोक कपाळाला हात लावून नमस्कार करू लागले. आग्रह एकदम बंद. आधी कुणी सांगितलं असतं तर मी हाच उपास पहिल्यांदा धरला असता.

टँकरचंही अक्कांनी मार्गी लावलं. एक दिवस त्यांची पाळी, एक दिवस माझी. जिची पाळी तिनं दोन्ही घरांच्या घागरी भरायच्या. त्यांच्या पाळीला मी झोपायचं असं ठरलं होतं, पण मी सवयीनं दाराशी येऊन उभी राहायचे आणि त्या मला हाकलायच्या. "जा, नीज. तुझ्याबिगर येतंय पाणी." पंधरा दिवसांनी मला ते खरं वाटायला लागलं. संध्याकाळी दिवेलागणीला त्यांच्याकडंच जेवण, हुलग्याचं पातळ, गरम माडगं आणि ज्वारीची भाकरी. भाज्या दिसत नव्हत्याच. रात्रीची एक भाकरी सकाळी शेंगांच्या चटणीबरोबर खाऊन ऑफिसला. शनिवारीसुद्धा जेवून एसटीत बसायचं.

एके दिवशी वेणी घालून झाली आणि हात दुखले नाहीत, हे मला ऑफिसात पोचल्यावर लक्षात आलं. बदली मात्र झालेली नव्हती. थकवा गेल्यावर खालची तगमग तेवढी उघडी पडली. आता एसटीत झोप लागत नव्हती, आणि लोह्याच्या पुढं प्रत्येक थांब्याला मी ड्रायव्हरच्या पाठीकडं रागानं बघत बसायचे.

तीनेक महिन्यांनंतरचा रविवार. मी जेवून ओसरीवर बसले होते, हातात लेकीचा उसवलेला झगा आणि सुई. शेजारची मुलगी फाटकातून हाका मारत आली. लेक ओठांवर बोट ठेवून तिच्याकडं धावली. "हळू ये. आई झोपलीय."

मी पाच हातांवर बसले होते, डोळे उघडे. शेजारचीनं माझ्याकडं बोट दाखवलं तेव्हा लेकीनं वळून पाहिलं. ती गोंधळली. मी सुई खोचून ठेवली आणि म्हटलं, मीपण खेळते. तिनं शहाण्यासारखी चटई आणून पसरली आणि उशी म्हणून घडी केलेलं पोतं ठेवलं. "तू इथं झोप, आई."

"मला झोप नाही आली."

ती चटईकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग तू कोण होणार?"

महिनोन् महिने भाकऱ्या खाल्ल्या, झोपा काढल्या त्या या दिवसासाठीच. पण आई होते म्हणायला जीभ रेटेना. ते काम तिच्या खेळात कधीच वाटून झालं होतं. शेवटी म्हटलं, पाहुणी होते. तिला ते लगेच पटलं. शनिवारी पिशवी घेऊन येते आणि सोमवारी उजाडायच्या आत जाते, ती पाहुणीच.

तिनं मला पाट दिला. भातुकलीतला पितळी कप माझ्या हातात ठेवला. पाणी वाया घालवायचं नाही हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून कप रिकामाच. पाहुण्यांनी चहा घेतलाच पाहिजे, असं तिनं आजीच्या आवाजात सांगितलं. माझा उपास होता. मी कपावर फुंकर मारली, घोट घोट करून तो संपवला आणि आणखी एक मागितला. ती दुसरा कप घेऊन आली, माझ्या गुडघ्याला टेकून बसली आणि पिताना मी डोळे मिटते का, ते बघत राहिली.