निलाक्काच्या नावाची नळी

हे माझ्या बायकोला माहीत नाही, मुलींना माहीत नाही, आणि जिच्याबद्दल आहे तिलाही मी कधी कळू दिलं नाही. तुम्ही समोर बसलाय असं समजून बोलतो. सांगायचंय ते माझ्या चुकीचं — पण आधी थोडी बढाई ऐकून घ्यावी लागेल. ती खरी आहे, आणि तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात माझे वडील सरकारी कामावर खडी फोडत होते. त्यानंतर काही वर्षांनी मी लोहाऱ्याकडच्या एका दवाखान्यात रक्त तपासणारा म्हणून लागलो. आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला पगारदार. माझा हात हलका होता. उन्हानं काटकी झालेल्या दंडातली शीरही मला बोटाला लागायची. एका टोचणीत रक्त. ज्यांच्या ओट्यावर माझ्या वडिलांना कधी बसता आलं नाही, त्यांच्या दंडाला मी रबरी नळी आवळायचो आणि ते निमूट मूठ वळायचे. अभिमान वाटायचा का? वाटायचा. अजून वाटतो.

तेव्हा माकणीला धरणाचं काम चालू होतं. कामावरच्या बायका भूक मारायला गालात तंबाखू धरायच्या. दुष्काळात लागलेली ती सवय नंतर पाऊस झाला तरी गेली नव्हती. कुणाच्या गालात आतून पांढरा चट्टा, कुणाचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून एक डॉक्टरबाई हे बघायला आल्या. त्या सांगायच्या, चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे, पण काहींचा पुढं होतो. कुणाचा होणार, हे रक्तातल्या तांबं, जस्त, लोह यांच्या बारीक प्रमाणावरून आधी ओळखता येईल का — त्यांना ते शोधायचं होतं.

या कामाला फार जपावं लागायचं. साध्या पाण्यातलं लोह नळीला लागलं तरी आकडा खोटा येणार. म्हणून नळ्या ॲसिडात बुडवायच्या, शुद्ध पाण्यानं धुवायच्या, पालथ्या वाळवायच्या. रक्त घ्यायचं उपाशीपोटी. मग हातानं फिरवायच्या यंत्रात नळी फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं काढायचं आणि बर्फात घालून एस.टी.नं शहरात धाडायचं. डॉक्टरबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "यांच्या हातची नळी मला परत बघावी लागत नाही." हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो — कदाचित तिथंच बिघडलं.

निलाक्का, कागदावर निलावती, सीमेकडच्या गावची. गळ्यात लिंग, बोलता बोलता मधेच कानडी, उंच आणि ताठ बाई. चाळिशी ओलांडलेली. दिवसातून चार वेळा मिसरी लावायची. तिच्या डाव्या गालात रुपयाएवढा चट्टा होता. रक्त घेताना तिनं तोंड फिरवलं नाही, नळी भरताना बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ्या बर्फात भरताना तिची नळी माझ्या हातातून निसटली. फरशीवर फुटली. आजूबाजूला कुणी नव्हतं. एस.टी.ला तासभर होता आणि तिचं गाव लांब.

काय करायचं होतं? एक नळी फुटली, पुढच्या खेपेला पाठवतो — एवढं चिठ्ठीत लिहायचं होतं. डॉक्टरबाई रागावल्याही नसत्या. पण माझ्या हातून नळी फुटली हे मला माझ्या अक्षरात लिहवेना. मी बाही वर केली, डाव्या दंडातून स्वतःचं रक्त काढलं, यंत्रात फिरवलं, आणि नळीवर चिकटपट्टी लावून लिहिलं — निलावती. मी सव्वीस वर्षांचा, सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा माणूस. गाडी सुटायच्या आत पेटी पोचली. तेव्हाही वाटलं, बघा, वेळेत केलं.

दोन महिन्यांनी यादी आली. शहरात खाटा थोड्या, म्हणून ज्यांच्या रक्तात तांबं वाढलंय आणि लोह उतरलंय त्यांना गालाचा तुकडा काढून तपासायला आधी बोलावलं होतं. निलाक्काच्या नावापुढं लिहिलं होतं — प्रमाण ठीक, वर्षानं पाहू.

प्रमाण माझं ठीक होतं.

बाजारच्या दिवशी ती दवाखान्यात आली. "डाक्टर, माझं रगत कसं निघालं?"

तिथं तरी बोलायचं. पुन्हा घेऊ म्हणायचं — कारणसुद्धा सांगावं लागलं नसतं. एकाच नावाच्या दोन नळ्या का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं असतं, एवढीच काय ती भीती. मी म्हणालो, "चांगलंय, आक्का."

"मग मिसरीचं उगीच भ्या घालता व्हय," ती म्हणाली आणि हसत गेली.

आठ महिने गेले. रोज तिची आठवण यायची असं सांगितलं तर ते खोटं होईल. कधीकधी यायची. मग एकदा तिच्या गावात हिवतापाची रक्तं घ्यायला गेलो, तर ती भाकरी पाण्यात कालवून खात बसलेली. तिखट सोसत नाही म्हणाली, आग होते. मी तोंड उघडायला लावलं. चट्ट्याच्या जागी कडेनं टणक झालेली जखम होती.

त्याच आठवड्यात तिला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन मी शहरात गेलो. रजा टाकली, डॉक्टरबाईंच्या दारात बसून राहिलो, खाट मिळवली. तुकडा तपासला. कॅन्सर सुरू झाला होता. डाव्या गालाचा भाग आणि खालचे काही दात काढावे लागले. डॉक्टरबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "रक्ताचा आकडा चांगला असूनही तुम्हाला शंका आली. तुम्ही नसता तर ही बाई वाचली नसती." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

पुढं त्यांचा निबंध छापून आला. शेवटी आभारात माझं नाव होतं, आणि आकड्यांत, तिच्या जागी, माझं रक्त. तो खोटा आकडा तसाच राहिला.

आमच्या गावातल्या दूध संस्थेच्या वार्षिक सभेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. माझे वडील पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते — त्या गावात, खुर्चीवर. निलाक्का पदरानं गाल झाकून उठली आणि म्हणाली, "ह्यो माझा भाऊ हाय. ह्येच्यामुळं म्या हितं हाय." तिच्या घरी मग मला चुलीजवळ पाट मिळाला. ती स्वतः वाढायची. एका बाजूनं, सावकाश चावून, माझ्यासोबत जेवायची. वीसेक वर्षं. आठ महिने आधी कदाचित नुसता चट्टा खरवडून भागलं असतं. मला हे तिच्या प्रत्येक घासाला माहीत होतं.

वडिलांना त्या खुर्चीवरून उठवायचं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खरं नाही. वडील वारल्यावरही तिच्याशी मी बोललो नाहीच. मला तो पाट सोडवत नव्हता.

ती म्हातारपणी, दुसऱ्याच आजारानं गेली. त्यांच्या रीतीनं तिला बसवून पुरलं, मूठमाती दिली. मग तिची मुलगी रडत म्हणाली, "मामा, तुमीच दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. तिचा धीर सांगितला, त्या दिवशी तोंड उघडायला लावल्यावर मला कशी शंका आली ते सांगितलं, शहरात खाट कशी मिळवली ते सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. नळीबद्दल मी बोललो नाही. आणि बोलताना, तिच्या मातीशेजारी उभं राहूनसुद्धा, माझी छाती अभिमानानं भरून आली होती.