हिरव्या जाळीतल्या बायका

२००४ सालच्या फेब्रुवारीत मला दिवस गेले होते आणि सासूबाई अमेरिकेतल्या आमच्या घरून, ॲन आर्बरहून, पुण्याला परत निघाल्या होत्या. त्यांनी थांबावं असं मला फार वाटत होतं. पण थांबा म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि तीन महिने पुरे होईपर्यंत ते कुणाला सांगायचं नाही ही आमच्याकडची रीत. आदल्या वर्षी मी आनंदाच्या भरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणि सगळं संपल्यावर एकेकाला फोन करून तेही सांगावं लागलं होतं. यंदा तोंडाला कुलूप. नवऱ्यालाही दम देऊन ठेवला होता.

घरात बसवेना, म्हणून बर्फातच बस पकडून त्यांना विद्यापीठाच्या म्युझियममध्ये नेलं. आधी विचारून ठेवलं, तर तिथे ठेवणीतली जपानी चित्रं काढून दाखवत. लाकडी ठशांनी छापलेली, बहुतेक सगळी बायकांची. तिथली बाई एकेक चित्र टेबलावर मांडायची आणि आम्ही दोघी त्यात हळूहळू बुडत गेलो. कुणी केस विंचरत होती, कुणी आरशात मान वळवून बघत होती, कुणी हिरव्या मच्छरदाणीतून अर्धीच बाहेर आलेली. जाळीचा धागान् धागा लाकडात कोरलेला, आणि त्यामागचा चेहरा हिरवट, झोपेतला. मलाही गुंगी आल्यासारखं झालं. आपण त्या जाळीच्या आत आहोत की बाहेर, तेच कळेना.

एकीचे दात काळे होते. कागदाला डाग पडलाय, असं मी शहाणपणानं सांगितलं. सासूबाई हसल्या. डाग कसला, दातवण लावलंय, म्हणाल्या. त्यांची आत्याही लावायची. म्युझियमच्या बाईला विचारलं, तर तिकडेही लग्न झालेल्या बायका दात काळे करत म्हणे.

चेहरे मात्र सगळ्यांचे एकाच साच्यातले. माझी चिडचिड झाली. केसन् केस कोरणाऱ्याला एखादीचं नाक वेगळं काढता येऊ नये? सासूबाईंचं म्हणणं पडलं की चेहऱ्याकडे बघायचंच नाही, हातांकडे बघायचं.

शेवटच्या चित्रात एक बाई बर्फात पुलावर उभी होती. एका हातात छत्री, दुसरा किमोनोच्या आत, पोटाशी. थंडी वाजत असेल, मी म्हटलं. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"थंडी नाही," त्या म्हणाल्या. "हिनंही अजून कुणाला सांगितलेलं नाही."

माझा हात कुठे होता ते मला तेव्हा कळलं. मी तो झटकन काढला. त्यांनी तो धरून पुन्हा होता तिथेच ठेवला, आणि मला रडूच फुटलं. चित्रावर पाणी पडेल म्हणून म्युझियमची ती बिचारी बाई घाईघाईनं चित्र उचलायला लागली.

"आई, थांबाल का?"

"थांबते," सासूबाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "मागच्या वेळीच यायला हवं होतं मी."