मॉली मी सोडल्या होत्या

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही – यजमानांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही, शाळेत जिच्यासोबत रोज डबा खाल्ला त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, ते मन हलके करण्यासाठी नव्हे. ते जड आहे, तसेच राहू दे.

आधी रोग समजून घ्या. पाया पक्का केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. माशाच्या अंगावर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके उठतात; मासा दगडांना अंग घासू लागतो. ठिपका म्हणजे कातडीत शिरलेला परजीवी. काही दिवसांनी ठिपके गळतात आणि घरातले म्हणतात, बरा झाला! झालेला नसतो. गळलेला जीव तळाच्या खड्यांत बसतो, फुटतो, आणि त्याची शेकडो पिल्ले नवे अंग शोधत पोहू लागतात. औषध लागू पडते ते या पोहत्या पिल्लांनाच. पाणी गार पडले की मासे याला लवकर बळी पडतात, आणि रोग घरात येतो तो बहुधा नव्या माशाबरोबर. म्हणून नवा मासा पंधरा दिवस वेगळ्या टबात ठेवावा. आमच्या घरात हा नियम मी केला होता.

अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या घरातली माशांची ती तीन फुटी काचेची टाकी माझे सासरे सांभाळत – नाना. आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केलेले. सुताचा फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मला ते थट्टेने ‘मास्तरीणबाई’ म्हणत, पण माझा नियम काटेकोर पाळत. पंधरा दिवस मोजून, सोळाव्या दिवशी ते स्वतः नवे मासे टाकीत सोडत. हे काम त्यांचे. दुसरे कोणी ते करत नसे.

त्या जानेवारीत माझ्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. शाळेतल्या सगळ्या बाई येणार होत्या. आदल्या दिवशी मी उल्हासनगरहून मॉली जातीचे सहा काळे मासे आणले. दुकानदाराने पिशवीला रबर लावता लावता बजावले, “मॅडम, आठ-दस दिन अलग रखना हां, ठंड का मौसम है.” मी मान डोलावली. घरी आले. नाना दुपारचे झोपले होते – आणि मी सहाही मॉली थेट टाकीत सोडल्या. कारण हवे आहे? टाकी रिकामी दिसत होती. एवढेच. हळदीकुंकवाच्या गडबडीत त्या टाकीत कशा आल्या हे कोणी विचारले नाही.

पाचव्या दिवशी नानांच्या लाडक्या एंजल माशाच्या अंगावर ठिपके उठले. सकाळचा चहा चालला होता. यजमान टाकीपाशी वाकून म्हणाले, “नाना, या काळ्या मॉली टबातून आत कोणी आणल्या? शाळेत असतात तर हिने तुम्हाला बाकावर उभं केलं असतं!” ते हसले. नाना हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

“मीच सोडल्या का गं त्या?”

इथे थांबता आले असते. ‘नाही नाना, मी’ – तीन शब्द. वर्गात अशा कबुलीसाठी मी मुलांना शाबासकी देत असे.

मी म्हणाले, “हो नाना, तुम्हीच. विसरलात का?”

पहिले वाक्य भित्रेपणाचे होते. दुसरे? त्याची काहीच गरज नव्हती. तरी मी ते बोलले.

मग उपचार मी निर्दोष केले. पाणी एकेक अंशाने तापवले, हवेचा पंप वाढवला, गाळणीतला कोळसा काढला – तो औषध शोषून घेतो – तळ उपसला, आणि ठिपके गेल्यावरही औषध थांबवले नाही. एकही मासा मेला नाही. शेजारी कौतुक करत होते, आणि मी ते ऐकून घेत होते.

नाना मात्र टाकीकडे फिरकेनासे झाले. बदलापूरला बेलवलीत त्यांचा कारखान्यातला जुना मित्र राहत असे. त्याच्याकडे एकट्याने जाणे यजमानांनी बंद केले, नानांनीही वाद घातला नाही. प्रत्येक गोष्ट ते मला विचारू लागले. गोळी घेतली का? दार लावले का?

आता तुम्ही म्हणाल, वयच होते ते, आज ना उद्या विसर पडलाच असता. म्हणू नका. पडला असता, कदाचित. त्या दिवशी पडलेला नव्हता. आणि ‘बाई, तुम्ही नंतर त्यांची किती सेवा केलीत’ हेही नको. सेवा केली, ती खोटे तसेच ठेवून केली. पुढे चार वर्षे ते जगले. त्या चार वर्षांतल्या प्रत्येक दिवशी मी खरे सांगू शकत होते.

शेवटच्या उन्हाळ्यातली एक सकाळ. नानांनी स्वतःचा चहा केला, गॅस बंद केला, कपबशी विसळून पालथी घातली. मी दारातून पाहत होते. वळून त्यांनी विचारले, “मास्तरीणबाई, गॅस बंद केला का गं मी?”

“केलात, नाना.”

त्यांचा हात परत शेगडीच्या बटणावर गेला होता. “तू म्हणतेस म्हणजे केला असेल,” ते म्हणाले.