कृष्णातच्या हातचं दूध

कृष्णातचं दूध तापवून प्यायचं म्हणजे त्याचा अपमान, हे आमच्या पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सकाळी कट्ट्यावर रंभा म्हैस उभी करायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळलेला पेला तसाच हातात द्यायचा. एकदा एक जण "घरी नेऊन तापवतो" म्हणाला, तर यानं पेला परत घेतला. "पावणं, तापवायचंच आसंल तर पिशवीचं घ्या की."

अशा माणसाची बोटं दोन वर्षांपूर्वी सुजली. सकाळी मूठ वळेना, सड धरता येईना. गोठ्यात बसून तो रडताना मी पाहिला आहे. मी त्याचा शेजारी, त्यात शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून दवाखान्यात सोबतीला माझीच वर्णी लागली.

डॉक्टरबाईंनी फार नीट समजावलं. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, तेही बारीक रेणूंच्या हातून. त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यातला टीएनएफ नावाचा रेणू 'शत्रू आलाय, धावा' अशी हाळी देतो. कृष्णातच्या अंगात ही हाळी विनाकारण चालू होती आणि त्याचंच सैन्य त्याच्या सांध्यांवर तुटून पडत होतं. बाई देणार होत्या ते इंजेक्शन या टीएनएफला वाटेतच पकडणार होतं.

"पण मग खरा शत्रू आला तरी हाळी पोचणार नाही," बाईंनी बजावलं. "आधी क्षयाची तपासणी करू. आणि कच्चं दूध पूर्ण बंद."

कृष्णातनं मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाला, "मास्तर, त्या भायेरच्या दुधाचं सांगत्यात. आपल्या रंभाला मी रोज धुतोय की." आणि मी विज्ञानाचा मास्तर चक्क हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या महिन्यात बोटं मोकळी झाली. पहिल्या धारेचा पेला तो स्वतः प्यायला, दुसरा स्वप्नालीला दिला. ही त्याची एकुलती एक लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली. पुढं रोज सकाळी तिचा पेला ठरलेला. "लेकरू पैलवान हुईल," म्हणायचा. मीही दिवसातून दोन वेळा पीत होतो.

दिवाळीनंतर कृष्णातला रोज संध्याकाळी ताप भरू लागला. घामानं अंथरूण भिजायचं, कंबर धरायची. तीन आठवडे आम्ही साधा ताप समजून काढले. मग बाईंनी रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवला. ब्रुसेला. जनावरांचा आजार, कच्च्या दुधातून माणसात येतो.

"माझ्या रंभाच्या दुधातनं?" कृष्णातनं तीनदा विचारलं.

या आजारानं जनावरं गाभडतात, हे मला तेव्हा आठवलं. पावसाळ्यात त्याच गोठ्यातली त्याची दुसरी म्हैस गाभडली होती, मेलेलं रेडकू पडलं होतं. चारा बाधला म्हणून आम्ही विषय सोडून दिला होता.

"हे दूध अजून कोण पितं?" बाईंनी विचारलं.

मी स्वतःचं नाव सांगितलं, मग निम्म्या पेठेचं. "लेक," कृष्णात म्हणाला. "सातवा म्हैना हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "गर्भ पडू शकतो. तिला आत्ताच्या आत्ता घेऊन या."

आम्ही तडक घरी आलो. तो दारातच थिजला, तेव्हा सगळं मीच स्वप्नालीला सांगितलं. तिनं मान खाली घातली.

"आबा, चिडू नगा. मला त्या वासानं उमळतंय. पयल्या दिवसापास्नं रोज जास्वंदीच्या बुडात वततोय मी."

"सगळं?"

"एक घोटबी प्यालो न्हाय."

कृष्णात उंबऱ्यावर बसला. तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, "लई चांगलं केलंस, बाई." मग हमसून हमसून रडला. तिचं रक्तही तपासलं. ती सुटली होती.

बाईंनी इंजेक्शन थांबवलं आणि चारच आठवड्यांत बोटं पुन्हा सुजू लागली. पण त्याआधीच, रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, अंगात ताप असताना, कृष्णात म्हशीविना कट्ट्यावर उभा राहिला होता. दूध प्यायला-न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "माझं दूध घरात आसंल तर वता. आन रक्त तपासून घ्या."

गिऱ्हाइकांत तपासणीला पहिलं रक्त मी दिलं.