फुकटचं आमेन

"रुबेला," डॉक्टर म्हणाले. माझा चेहरा कोराच राहिलेला पाहून त्यांनी समजावलं, "जर्मन मीझल्स. गोवरासारखाच, पण वेगळा आजार. बाईला थोडा ताप आणि पुरळ, एवढंच. पण पोटातल्या मुलाचे कान, डोळे, हृदय, काहीही बिघडू शकतं. बिघडलंय की नाही हे आज सांगता येत नाही."

सरलाला, म्हणजे माझ्या बायकोला, चौथा महिना नुकताच लागला होता. पुरळ दाखवायला आम्ही हिंगणघाटहून वर्ध्याच्या एका दवाखान्यात आलो होतो. मी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. यंत्र बिघडलं की उघडून बघायची सवय. इथं ती सोय नव्हती.

"एम.टी.पी. करता येईल," डॉक्टर म्हणाले. म्हणजे कायदेशीर गर्भपात. "सक्ती नाही. पण लवकर ठरवा."

डॉक्टर सभ्य होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती न विचारता सल्ला देणाऱ्या जमातीबद्दल. आणीबाणी नुकतीच उठली होती, पण तिची, सक्तीच्या नसबंदीची, हवा लोकांच्या डोक्यातून गेली नव्हती. खिडकीवरचा बाबू केसपेपर वाचून म्हणाला, "साफ करून टाका ना भाऊ, काऊन डोकं खपवून राह्यले? अजून तरने हा, दुसरं होईन." जणू पोर नव्हे, मडकं. चिरलं तर बाजारातून दुसरं आणा. त्या माणसाचा मला तेव्हा आलेला तिटकारा आजही गेलेला नाही.

मी ख्रिस्ती. पोटातला जीव देवानं दिलेला, आपल्या सोयीनं तो परत करायचा नसतो, हे मी तेव्हा मानत होतो आणि आजही मानतो. बहिरं होईल म्हणून जन्मू द्यायचं नाही, तर मशीनमध्ये हात गेलेल्या कामगाराचं काय करायचं? परतीच्या बसमध्ये मी सरलाला हेच ऐकवत होतो.

ती शेवटी म्हणाली, "तुमी अन् डाक्टर, दोघंच बोलून राह्यले. लेकरू माह्या पोटात हाये." वेणा नदीचा पूल आला तेव्हा ती पुन्हा बोलली. "ठेवू. मलेही तेच वाटते. पन मी एकटी नाई उचलनार त्याले, आताच सांगून ठेवते."

ही बातमी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, कशी पोचली कोण जाणे. तिथले ज्येष्ठ पंच शमुवेलकाका. रविवारच्या उपासनेत त्यांनी मला उभं केलं आणि गरजले, "दानिएलनं सैतानाले नाई म्हनलं!" सगळे म्हणाले, आमेन. काकांचं आमेन सगळ्यांत मोठं. सरलाला मात्र कोणी उभं केलं नाही, आणि उरलेले महिने ती रोज पोटावर हात ठेवून कसली वाट बघते हेही कोणी विचारलं नाही.

मुलगी झाली. रूथ. दणकून रडली. "पाह्य, हरला तुहा डाक्टर!" काका म्हणाले.

मग ती फार शांत पोर म्हणून नावाजली गेली. गिरणीचा भोंगा वाजला की आमची कौलं थरथरायची, शेजारची पोरं दचकून उठायची, आणि रूथ खुशाल झोपलेली. बायका कौतुक करायच्या. मला आणि सरलाला मात्र डॉक्टरांचे शब्द आठवत होते. आम्ही पुन्हा वर्ध्याला गेलो. डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे घंटी वाजवली, टाळी वाजवली, पत्र्याचा ट्रे आपटला. ती समोरच्या नर्सकडे बघून हसत राहिली.

"कॉन्जेनिटल डेफनेस," ते म्हणाले. जन्मतःच बहिरेपण. "यावर औषध नाही. मशीननं थोडं ऐकू येईल. बाकी तुम्ही शिकवाल तेवढं."

शिकवणं म्हणजे काय, ते ज्यांच्यावर येतं त्यांनाच कळतं. तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा, "पा, पा, पा" म्हणायचं, आणि जीव उबगला तरी पुन्हा म्हणायचं. पाळीवर जायच्या आधी मी, नंतर सरला. मंडळीतून सुरुवातीला केळी आली. पुढे तीही बंद झाली.

रूथ चालायला लागल्यावर आम्ही तिला उपासनेला नेलं. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नसे, त्यामुळे प्रार्थनेत ती मध्येच किंचाळायची. काका जवळ आले. "दानिएल, तिले बाहीर घेऊन बसत जा. लोकायचं ध्यान मोडून राह्यलं." जिच्या जन्मासाठी या लोकांनी आमेनचा पाऊस पाडला, तिला आता बाकावर जागा नव्हती. त्यानंतरची कितीतरी वर्षं आम्ही आळीपाळीनं तिला घेऊन बाहेर कडुलिंबाखाली बसलो.

एका दुपारी काका मंडळीतल्या वसंताला आणि त्याच्या बायकोला घेऊन घरी आले. तिलाही तोच ताप, तेच पुरळ, तोच महिना. "यायले समजाव," काका म्हणाले. "तुही साक्ष कामी येईन."

वसंताच्या पोरसवदा बायकोनं रडून डोळे सुजवले होते. मी तिला म्हणालो, "माह्यं मत इचारशीन तर ठेव. लेकरू बिघडलेलं आलं तर सोमवारी अन् गुरुवारी मी येईन, सरलाबी येईन. तरी ठरवजो तू." मग काकांकडे वळलो. "काका, तुमचा कोनता वार?"

"माह्याच्यानं आता होत नाई रे. गुडघे धरून राह्यले."

"मंग आमेनबी नका म्हनू."

काका चहा न घेता गेले. त्या पोरीनं मूल ठेवलं. ते धडधाकट निघालं, भोंग्याला दचकणारं.

तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली, तर उपदेश करणाऱ्याला आधी त्याचा वार विचारा. बहुतेक उठून जातात. जो उरेल त्याचं ऐका. माझ्यापाशी सरला उरली, देवाचे आभार त्यासाठी.

काका चहा न घेता गेले, त्यानंतरच्याच रविवारी आम्ही कडुलिंबाखाली बसलो नाही. रूथला घेऊन सरळ पहिल्या बाकावर बसलो. काकांची प्रार्थना नेहमीसारखी लांबत गेली, आणि ऐन मध्यावर रूथ जोरात किंचाळली. काका थबकले. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या.

सरला मोठ्यानं म्हणाली, "आमेन."