वसंतानं उचललेला माझा ग्लास

मंडळी, भिलाईला आल्यापासून तुम्हाला काही लिहिलं नाही, माफ करा. आजचं मात्र पोटात राहत नाही. विहारात सगळ्यांसमोर वाचा.

आमचा वसंता कारखान्याच्या बांधकामावर ज्या रशियन साहेबाच्या हाताखाली आहे, त्यानं आज रविवारी आम्हा बापलेकांना तलावाकाठी सहलीला नेलं. विशाखापट्टणमहून बर्फात आलेले समुद्राचे झिंगे उकडले. मी पोटभर खाल्ले, खोटं कशाला बोलू.

मग साहेबानं त्याच्या बापाच्या मळ्यातल्या द्राक्षांची दारू काढली. चाखून बघा म्हणाला. त्याच्या गावी बापाच्या नावानं भरलेला ग्लास न पिता तसाच ठेवला तर त्या बापाचा अपमान होतो म्हणे. पहिला माझ्यासमोर भरला.

"बाबा, नुसता ओठाले लावा," वसंता पुटपुटला. "मले रशियात शिकायले पाठवणं याच्याच हातात हाय."

"बौद्ध धम्माची दीक्षा घेताना काय बोललो होतो आपण? दारू पिणार नाही म्हणून."

"मालूम हाय. पण साहेब पाहून राहिला ना."

मी ग्लासवर हात ठेवला. साहेबाचा चेहरा पडला. तेव्हा वसंतानं माझा हात बाजूला केला आणि एका दमात ग्लास रिकामा केला. साहेब हसला, त्याची पाठ थोपटली.

वसंतानंही माझ्याच शेजारी उभं राहून दीक्षा घेतली होती. घरी आल्यापासून तो जेवला नाही. माझं वचन राहिलं, पण त्याचं माझ्यापायी गेलं. मी त्याला समजवू की त्याची माफी मागू? कोणीतरी लवकर कळवा. येत्या रविवारी साहेबानं पुन्हा बोलावलं आहे.